सील बदलायचंय, पण एक्सलचं काय?

गिअरबॉक्समधून ऑइल गळतंय आणि ते ड्राइव्ह शाफ्ट जिथून आत शिरतो तिथूनच येतंय हे एकदा नक्की झालं, की सील बदलायचं की नाही हा प्रश्न उरतच नाही, ते बदलायचंच असतं. रबराची एक रिंग, तिच्यात एक बारीक स्प्रिंग, बस. खरी घालमेल होते ती त्या सीलमधून आरपार गेलेल्या एक्सलवरून, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणाऱ्या त्याच ड्राइव्ह शाफ्टवरून. कारण तो काढल्याशिवाय सीलपर्यंत हात पोचत नाही, आणि एकदा का हब नट (चाकाच्या मधोमध एक्सल धरून ठेवणारा), बॉल जॉइंट वगैरे सोडवून तो बाहेर आला, जमिनीवर आडवा पडला, की कुणाच्याही मनात येतंच, एवढं खोललंच आहे तर हाही नवीन टाकून मोकळं व्हावं का?

माझं उत्तर बरीच वर्षं एकाच बाजूला झुकलेलं आहे. शक्यतो जुनाच बसवावा. गाडीबरोबर आलेला मूळ एक्सल असेल, आवाज नसेल, बूट (दोन्ही टोकांच्या जॉइंटवरची ग्रीस भरलेली रबरी आवरणं) धड असतील तर त्याला हात लावू नये असं माझं मत, आणि ते बऱ्यापैकी ठाम आहे. पण तो निर्दोष आहे हे आधी बघावं तर लागतंच ना. आणि गोची अशी की बघायच्या निम्म्या गोष्टी एक्सल गाडीत असतानाच बघता येतात आणि उरलेल्या निम्म्या तो बाहेर आल्यावरच. लोक करतात काय, आधीचं काहीच न बघता थेट खोलायला घेतात, आणि मग गाडी स्टँडवर, हात ऑइलने माखलेले, खाली ट्रेमध्ये टपटप चालूच, अशा अवस्थेत निर्णय घ्यायला बसतात. त्या वेळी डोक्यात एकच असतं, हे सगळं परत खोलायला लागलं तर? मग घाबरून नवीन एक्सल येतो. म्हणजे पुरावा काहीच नाही, नुसती धास्ती.

त्याच्याही आधी, गळतंय ते गिअरबॉक्सचंच ना, हे बघून घ्या. हसू नका, इंजिनचं ऑइल वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि गिअरबॉक्सच्या खालच्या कडेला जमून तिथून थेंब सोडतं, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं अजिबात नाही. ऑटोमॅटिकमधलं ऑइल, म्हणजे एटीएफ, नवं असताना बहुतेक वेळा लाल असतं, जुनं झालं की तपकिरी. मॅन्युअलच्या गिअर ऑइलला बऱ्याचदा गंधकाचा उग्र वास येतो, एकदा नाकात बसला की परत ओळखायला कष्ट पडत नाहीत. फाटलेल्या बूटमधून उडालेलं ग्रीस तर वेगळंच दिसतं, काळं, चिकट, चाकाच्या आतल्या बाजूला गोलाकार फेकलेलं, ते खाली टपकत नाही. सगळं धुऊन पुसून गाडी फिरवून परत बघणं हा कंटाळवाणा पण भरवशाचा उपाय. ऑइलमध्ये डाय टाकून अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघता आलं तर अजून उत्तम.

मग ब्रीदर. या एका गोष्टीवर मी जरा जास्तच बोलतो याबद्दल माझी चेष्टा होते, होऊ दे. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वर एक छोटीशी वाट ठेवलेली असते, त्या वाटेत चिखल-धूळ बसून ती बुजली की आत दाब तयार होतो आणि मग तो सगळ्यात सोपी जागा शोधतो. सगळ्यात सोपी जागा म्हणजे सीलची लिप, शाफ्टला टेकणारी ती रबराची कड. अशा गाडीत सील नवं टाका, एक्सल नवा टाका, दोन्ही टाका, काही दिवसांनी परत ओलं. ऑइल लेव्हलच्या वर भरलेलं असेल तरी तोच प्रकार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि यातला संन्याशी दर वेळी एक्सलच ठरतो कारण तो सगळ्यात मोठा आणि डोळ्यांत भरणारा पार्ट आहे.

आता एक्सल गाडीत असताना बघायच्या गोष्टी. मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, टिक-टिक-टिक आली तर बाहेरचा, म्हणजे चाकाच्या बाजूचा जॉइंट झिजलाय. सरळ रस्त्यावर जोरात अ‍ॅक्सलरेट करताना गाडी अंगातून थरथरली आणि पाय काढला की थरथर गेली, तर संशय आतल्या जॉइंटवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूच्या. मग गाडी वर घेऊन बूटच्या घड्या बोटांनी उघडून बघा, वरून धड दिसणारा बूट घडीच्या तळाशी चिरलेला असतो. ही सगळी माहिती एक्सल एकदा बाहेर काढला की गेली. हातात धरून जॉइंट फिरवून बघितल्याने काहीतरी कळल्यासारखं वाटतं पण लोड नसताना कितीतरी झिजलेले जॉइंट गुपचूप फिरतात.

आणि शेवटचं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं. गिअरबॉक्सला लागून शाफ्टचा जो भाग आहे तो हाताने धरून वर-खाली हलवा. थोडा प्ले असतोच, घाबरू नका, दुसऱ्या बाजूच्या शाफ्टशी तुलना करा. एक बाजू नावालाच हलते आणि दुसरी स्पष्ट खाली-वर होते असं असेल तर त्या बाजूला आतलं डिफरन्शिअलचं बेअरिंग किंवा शाफ्टला आधार देणारा बुश झिजल्याचा संशय घ्यावा. सीलची लिप शाफ्टच्या थोड्याफार हालचालीमागे जाऊ शकते, पण शाफ्ट नाचायलाच लागला तर तिचा नाइलाज आहे. ही गळती सीलने थांबणार नाही, एक्सलने तर बहुधा नाहीच.

इथे आणखी एक गंमत सांगायची राहिली. सगळ्या गाड्यांत सील एक्सलवर बसतच नाही! काही गाड्यांत गिअरबॉक्समधून एक फ्लँज (बोल्टांची भोकं असलेली चकती) बाहेर आलेली असते आणि एक्सल तिला बोल्टांनी जोडलेला असतो, सील घासतं ते त्या फ्लँजवर. काही गाड्यांत एका बाजूला मधला वेगळा शाफ्ट असतो, त्याला इंजिनच्या बाजूला सपोर्ट बेअरिंग असतं, आणि एक्सल त्या शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला जोडलेला असतो. अशा गाडीत गळतीसाठी एक्सल बदलणं म्हणजे निव्वळ खर्च, कारण ज्या पृष्ठभागावर सील घासतंय तो एक्सलचा नाहीच. आपल्या गाडीत काय आहे हे खाली वाकून बघायला फार वेळ लागत नाही, तरी ते न बघताच एक्सल मागवणारे मी पाहिलेत.

एवढं झालं की मग खोला. हब नट गाडी चाकांवर उभी असतानाच सैल करायचा, बऱ्याच गाड्यांत तो २०० न्यूटन-मीटरच्या वर आवळलेला असतो, आणि स्टँडवर चढवून त्याच्याशी कुस्ती खेळणं धोक्याचं. नट ठोकून लॉक केलेला किंवा एकदाच वापरायचा असेल तर तो नवीनच घ्या, तिथे काटकसर नको. आतलं टोक काढताना मात्र शाफ्टला धरून ओढायचं नाही. आतल्या जॉइंटमध्ये बहुतेक वेळा तीन रोलर असतात आणि ते त्यांच्या घरात पुढे-मागे सरकतात, सस्पेन्शन वर-खाली होताना लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून. शाफ्ट ओढला की सर्क्लिप (आतलं टोक अडकवून ठेवणारी छोटी तारेची रिंग) सुटायच्या ऐवजी हे रोलरच घरातून बाहेर येतात, बूटच्या आत, दिसतही नाही. टॉमी (उचकायची पहार) घालायची ती गिअरबॉक्सचं केसिंग आणि जॉइंटच्या घराच्या मध्ये, आणि तीही सीलपासून लांब. ‘जुना एक्सल परत बसवला तर त्रास देतो’ अशी जी समजूत आहे ना, त्यातले बरेच एक्सल काढताना मारलेले असतात असा माझा दाट संशय आहे. बाहेरच्या टोकाच्या आट्यांवर हातोडा मारायचा, बाजूला बाहेरचा जॉइंट नुसता लटकत सोडायचा, आणि मग म्हणायचं जुना होता.

बाहेर आला की स्वच्छ कापडाने आतल्या टोकाचा तो गुळगुळीत पट्टा पुसा जिथे सील बसतं. उजेडात धरून हळूहळू फिरवा. एक चकचकीत रेघ दिसेल, पेन्सिलच्या रेघेएवढी रुंद, पूर्ण गोल गेलेली. ती दिसली म्हणजे लगेच एक्सल गेला असं नाही, ती तर दिसणारच, तिथे लिप घासत होती. आता नख त्या रेघेवर आडवं नेऊन बघा, स्प्लाइनच्या (टोकावरच्या लांबट दातांच्या) बाजूकडून जॉइंटच्या बाजूकडे. नख सरळ सरकलं तर निश्चिंत राहा. नख किंचित अडखळलं तर विचार करायला हवा. नख खाचेत पडून थांबलं तर मग विषय गंभीर आहे.

मऊ रबर पोलादाला खाच पाडतं हे पहिल्यांदा बघताना खोटं वाटतं. विहिरीच्या दगडाला दोराने पडलेली घळ ज्यांनी पाहिली असेल त्यांना नाही वाटणार. इथे काम करते ती बारीक धूळ, ती लिपच्या रबरात रुतून बसते आणि मग ते रबर पॉलिश पेपरसारखं शाफ्टला घासत राहतं. म्हणून जुनं सील लगेच फेकू नका, दुसऱ्या हातात घ्या. त्याची लिप कडक, चिरलेली, किंवा स्प्रिंग जागेवरून निसटलेली असेल आणि शाफ्टवर नख अडखळत नसेल, तर दोषी सील. लिप मऊ आहे, स्प्रिंग जागेवर आहे आणि शाफ्टला खाच किंवा गंजाचे खड्डे आहेत, तर दोषी शाफ्ट. दोन्ही धड असतील तर परत वर जा आणि तो ब्रीदर आणि बेअरिंगवाला भाग वाचा.

एका मित्राने मागे असाच शाफ्टचा फोटो पाठवला होता, खाली मोठ्ठं प्रश्नचिन्ह. मी फोन केला.

“अरे रेघ दिसतेय, एक्सल ऑर्डर करू ना?”

“नखाला लागतेय का ते सांग आधी.”

“थांब... नाही रे, नाही लागत. पण दिसतेय ना स्पष्ट.”

“दिसू दे. सील टाक आणि बसव गप.”

तो जरा नाराजच झाला, त्याला वाटलं होतं मी नवीन एक्सलला होकार देईन. माणसाला नवीन वस्तू घ्यायला कारण हवं असतं, आणि गळती हे फार सोयीचं कारण आहे.

खाच असेल तरी एक्सल लगेच भंगारात जात नाही. सीलच्या जागेत खोलीला थोडी मुभा असेल तर नवं सील जरा कमी किंवा जरा जास्त आत बसवून लिप खाचेच्या शेजारी, कोऱ्या पट्ट्यावर आणता येते. हे सगळीकडे जमत नाही, काही केसिंगला आत कठडा असतो, काही ठिकाणी सील जास्त आत गेलं की ऑइल परत जायचं भोक बुजतं, तेवढं बघून करायचं. दुसरा मार्ग म्हणजे दुरुस्तीची स्लीव्ह. स्टेनलेस स्टीलची नळी, पाव मिलिमीटरच्या जवळपास जाडीची, जी त्या पट्ट्यावर ठोकून बसवतात, आणि ती इतकी पातळ असते की सील मूळ मापाचंच चालतं. तुमच्या शाफ्टच्या व्यासाची मिळायला हवी आणि बसवायला जागा हवी, एवढीच अट. पॉलिश पेपरने खाच घासून काढायचा मोह मात्र टाळा. सीलखालचा पृष्ठभाग ठरावीक खडबडीत असावा लागतो, साधारण ०.२ ते ०.८ मायक्रोमीटर, त्याहून गुळगुळीत झाला तरी ऑइलचा थर टिकत नाही आणि लिप जळते. आणि घासताना तिरके, स्क्रूच्या आट्यांसारखे ओरखडे पडले तर फिरणारा शाफ्ट त्यांच्यातून ऑइल चक्क पंप करून बाहेर आणतो. बारीक गंज काढण्यापुरतं, अगदी बारीक पेपरने, शाफ्टच्या भोवती गोल. लांबीच्या दिशेने कधीच नाही.

आता दुसरी बाजू. नवीन एक्सल म्हणजे आपोआप चांगला एक्सल हे गृहीतच मला पटत नाही. बाहेरच्या जॉइंटमध्ये सहा गोळ्या असतात, त्या अशा घळींमध्ये फिरतात की चाक कितीही वळलेलं असो, दोन्ही बाजू सारख्याच वेगाने फिराव्यात. अल्फ्रेड रझेपा नावाच्या इंजिनिअरने १९२० च्या दशकात याचं पेटंट घेतलं आणि १९५९ च्या मिनीनंतर तो छोट्या गाड्यांमध्ये सर्रास आला. सांगायचा मुद्दा, हे काम मायक्रॉनमधलं आहे, घळी नीट ग्राइंड झाल्या नाहीत तर नवाकोरा जॉइंट पहिल्या दिवसापासून थरथरतो. स्वस्तातल्या एक्सलमध्ये शाफ्टची जाडी मूळपेक्षा वेगळी निघते, मधला डॅम्पर (थरथर शोषणारं वजन) गायब असतो, आणि मग सिग्नलला गिअरमध्ये उभं असताना स्टेअरिंग गुणगुणायला लागतं. ज्या गाड्यांत एबीएसची दातेरी रिंग जॉइंटवर असते तिथे दात मोजून घ्यावे लागतात. रीकंडिशन केलेल्या एक्सलमध्ये झिजलेल्या घळी परत ग्राइंड करून मोठ्या गोळ्या टाकलेल्या असू शकतात, काम चांगलं झालेलं असेल तर उत्तम, पण ते बाहेरून दिसत नाही. आणि ज्या कारणासाठी आपण हा खटाटोप करतोय तो सीलचा पट्टा? नवीन एक्सल हातात आला की मी बाकी सगळं सोडून आधी तेच बघतो, त्यावर रंगाचा फवारा आहे का, वाहतुकीत टोचा पडलाय का. असेल तर परत. आगीतून फुफाट्यात जायला पैसे कशाला मोजायचे.

मेकॅनिकचं म्हणणं मला कळतं, तो चुकीचा नसतो. “साहेब, परत खोलायला लागू नये म्हणून सांगतो, बदलूनच टाका.” गाडी परत आली तर मजुरी त्याच्या अंगावर पडते, शिव्याही त्यालाच. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. अशा वेळी वाद न घालता मी एवढंच म्हणतो, “सीलची जागा कशी आहे, जरा दाखवता का?” ज्याने बघितलंय तो लगेच शाफ्ट उचलून नख फिरवून दाखवतो, आणि खाच असेल तर मग मीही मुकाट्याने हो म्हणतो. ज्याने बघितलेलंच नाही तो म्हणतो, “आता एवढी चाललीये ना गाडी.” गाडी किती चाललीये याने काही ठरत नाही. लाखाच्या वर किलोमीटर झालेले मूळ एक्सल शांतपणे चालतात, आणि बूट फाटून धूळ शिरली की कमी चाललेलाही मरतो.

बदलायचाच असे प्रसंगही आहेत, तिथे मी घुटमळत नाही. वळताना टिकटिक, थरथर, फाटलेल्या बूटमधून आत गेलेली वाळू, ग्रीसमध्ये चमकणारे धातूचे कण, स्प्लाइन झिजलेल्या किंवा पिळलेल्या, शाफ्ट गंजून मध्ये बारीक झालेला. खोल खाच आणि वर म्हातारा जॉइंट असं दोन्ही एकत्र असेल तर स्लीव्हच्या नादी लागू नये, सरळ नवीन, आणि जमलं तर मूळ कंपनीचा.

अडचण मधल्यांची आहे. आवाज नाही, खाच नाही, पण बूटच्या रबराला वरवर भेगा दिसतायत, अजून फाटलेले नाहीत. इथे माझं मत अजूनही इकडे-तिकडे होतं. हाताशी वेळ असेल तर जॉइंट खोलून, जुनं ग्रीस पूर्ण धुऊन, नवीन बूट आणि किटमध्ये दिलेलं तेवढंच मॉलिब्डेनमचं ग्रीस भरून टाकावं, मूळ जॉइंट अजून बराच काळ चालेल. घाणेरडं काम आहे, दिवस जातो, क्लॅम्प नीट आवळले नाहीत तर परत ग्रीस बाहेर. वेळ नसेल तर आहे तसा बसवा आणि दर सर्व्हिसला बूट बघत राहा. नुसत्या भेगांसाठी चांगला जॉइंट फेकायला मला जीवावर येतं.

बसवताना फार काही सांगण्यासारखं नाही. सर्क्लिप नवी घ्या, सीलची स्प्रिंगवाली बाजू ऑइलकडे, काही सीलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, म्हणजे डावं-उजवं वेगळं, ते बघा. लिपला तेच ऑइल लावा, सील सरळ बसवा, आणि स्प्लाइनच्या धारेने लिप कापली जाणार नाही असं शाफ्टला आधार देत आत न्या, कारण नव्या सीलचे बहुतेक खून इथेच होतात. दोन्ही बाजूंचे एक्सल एकाच वेळी बाहेर काढू नका, काही गिअरबॉक्समध्ये आतले साइड गिअर जागा सोडतात आणि मग गाडी वेगळ्याच कामाला लागते. ऑइल लेव्हलपर्यंत, आणि लेव्हलच्या वर नाही.

आणि नवीन एक्सल टाकलाच असेल तर जुना लगेच देऊन टाकू नका. बदल्यात जुना द्यायचा असेल तरी मुदत मागून घ्या. नवीन घेऊन हायवेला एकदा आणि गर्दीत एकदा गाडी चालवून बघा, थरथर, गुणगुण काही आलं तर तो जुना, नख न अडखळणारा एक्सल पुसून, दोन्ही टोकं पिशवीत बांधून कोपऱ्यात ठेवलेला बरा. परत बसवायची वेळ येते कधीकधी.